आधी तारखा, मग औषधं, प्लॅन सर्वांत शेवटी: मेडिकेअरचा सल्ला द्यायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

मेडिकेअरबद्दल, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी असलेल्या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल, विचारायला येणारी बहुतेक कुटुंबं एकच प्रश्न घेऊन येतात: "कुठला प्लॅन चांगला?" नव्या समुपदेशकाने त्याचं उत्तर द्यायची घाई करू नये. प्लॅन चुकला तर बहुतेक वेळा पुढच्या वर्षी बदलता येतो. नोंदणीची तारीख चुकली तर दंड जन्मभर प्रीमियमला चिकटतो. आणि औषधाचं नाव चुकीचं टाकलं तर सगळ्या प्लॅनची तुलनाच फसते. म्हणून आधी तारखा, मग औषधं, आणि प्लॅनचं नाव अगदी शेवटी, हाच क्रम ठेवा.

हे काम विनामूल्य आणि निःपक्षपातीपणे करणारा 'शिप' नावाचा कार्यक्रम अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. कॅलिफोर्नियात त्याला हायकॅप म्हणतात, फ्लोरिडात शाइन. शिकायचं तर तिथेच प्रशिक्षण घ्या; मंडळात किंवा मंदिरात बसून लोकांना मदत करायची असली तरी. खालचे आकडे २०२६ चे आहेत. ते दर जानेवारीला बदलतात, त्यामुळे जुन्या कागदावरून कधीच सांगू नका.

बसण्याआधी काय मागवायचं

फोनवरच सांगून ठेवा: मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं कार्ड असेल तर ते, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचा कागद, सध्याच्या विम्याची सगळी कार्डं, सोशल सिक्युरिटीकडून (निवृत्तिवेतन आणि मेडिकेअरची नोंदणी बघणारं सरकारी खातं) आलेली पत्रं, आणि औषधांच्या बाटल्या. नुसती यादी नको, बाटल्याच आणा म्हणावं. यादीत "बीपीची गोळी सकाळी" एवढंच असतं. बाटलीवर नाव, मिलिग्रॅम आणि गोळीचा प्रकार असतो.

शक्य असेल तर काका-मावशींना स्वतः बोलू द्या. मुलगा किंवा सून सगळी उत्तरं देत असेल, तरी "हे औषध तुम्ही खरंच रोज घेता का?" हा प्रश्न थेट त्यांनाच विचारा. महाग म्हणून एक दिवसाआड गोळी घेणारी माणसं मुलांसमोरही ते सहसा बोलत नाहीत, आणि तुलना मात्र रोजच्या गोळीवर होत राहते.

पहिली पायरी: तारीख

पहिल्या नोंदणीची मुदत सात महिन्यांची असते: ६५ पूर्ण होण्याचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. आधीच्या तीन महिन्यांत अर्ज केला तर विमा ६५व्याच्या महिन्यापासून सुरू होतो. नंतर केला तर अर्जाच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून.

आपल्या लोकांच्या बाबतीत इथे एक गोष्ट हमखास निसटते. जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना तीच लिहिली गेली. अमेरिकेचं सरकार कागदावरचीच तारीख धरतं. शिवाय ज्यांचा जन्म महिन्याच्या १ तारखेला, त्यांची मेडिकेअर एक महिना आधी सुरू होते. म्हणजे १ जूनवाल्यांची सुरुवात १ मे, आणि सात महिन्यांची मुदत फेब्रुवारी ते ऑगस्ट. मार्च ते सप्टेंबर नव्हे. सप्टेंबरमध्ये निवांत येणाऱ्याची मुदत आधीच संपलेली असते.

मुदत हुकली तर पुढची सर्वसाधारण नोंदणी १ जानेवारी ते ३१ मार्च. मग पार्ट बीचा (मेडिकेअरचा डॉक्टर आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांचा भाग) दंड लागतो: उशिराच्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के. अडीच वर्षं उशीर झाला तर पूर्ण वर्षं दोन, म्हणजे २० टक्के. पार्ट बीचा मूळ प्रीमियम महिना २०२.९० डॉलर आहे, त्यावर सुमारे ४०.५८ डॉलर जास्त, दर महिन्याला, पार्ट बी आहे तोवर.

दंडाशिवाय उशीर करता येतो तो मुख्यतः एकाच कारणाने: स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीतून मिळणारा गट विमा. चालू हा शब्द इथे महत्त्वाचा. ती नोकरी किंवा तो विमा, जे आधी संपेल तिथून आठ महिने मिळतात; सीएमएस-४०बी हा अर्ज आणि मालकाने भरलेला सीएमएस-एल५६४ असे दोन फॉर्म लागतात. कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतःच्या खर्चाने चालू ठेवलेला कंपनीचा विमा), निवृत्तांचा विमा आणि मार्केटप्लेसचा प्लॅन (सरकारी विमा-बाजारातून स्वतः घेतलेला) या सवलतीत बसत नाहीत. मुलाच्या कंपनीच्या विम्यात आईवडील असले तर तोही नाही. कंपनीत २० पेक्षा कमी कर्मचारी असतील तर मेडिकेअर हाच पहिला विमा ठरतो. अशा वेळी पार्ट बी न घेणाऱ्याचं बिल कंपनीचा विमा नाकारू शकतो.

नोकरी करणाऱ्यांना एचएसए खात्याचंही (आरोग्यखर्चासाठीचं कर-सवलतीचं बचत खातं) विचारा. ६५ नंतर अर्ज केला की पार्ट ए (मेडिकेअरचा रुग्णालयात भरती होण्याचा भाग) सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतो, आणि त्या महिन्यांत खात्यात भरलेल्या पैशांवर कर-दंड बसतो. अर्जाच्या सहा महिने आधी भरणा थांबवावा, हा साधा उपाय.

दुसरी पायरी: हक्क आहे का, आणि कितीला

भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज याच पायरीवर असतात, त्यामुळे इथे घाई नको.

"मी वीस वर्षं इथे टॅक्स भरतोय, मग आईला मेडिकेअर मिळेलच ना?" असं मुलगा विचारतो. मुलाच्या कामाची वर्षं जिवंत आईवडिलांच्या खात्यात धरली जात नाहीत. भारतातल्या नोकरीची वर्षंही नाहीत. धरली जातात ती स्वतःची किंवा जोडीदाराची अमेरिकेतली ४० क्रेडिट्स, साधारण दहा वर्षांचं काम. २०२६ मध्ये १,८९० डॉलर कमाईला एक क्रेडिट, आणि वर्षाला जास्तीत जास्त चार. जोडीदाराच्या कामावर पार्ट ए हवा तर त्या जोडीदाराचं वय किमान ६२ हवं.

क्रेडिट्स नसतील तर दार बंद नाही. ६५ किंवा जास्त वय, ग्रीन कार्ड, आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग पाच वर्षं अमेरिकेत वास्तव्य, एवढं असेल तर मेडिकेअर विकत घेता येते. पार्ट एचा पूर्ण प्रीमियम महिना ५६५ डॉलर. ३० ते ३९ क्रेडिट्स असतील तर ३११. पूर्ण प्रीमियममध्ये पार्ट बी धरला की दर माणशी ७६७.९० डॉलर. दोघांचा मिळून महिन्याचा खर्च दीड हजारावर जातो. हा आकडा कुटुंबाला स्पष्ट सांगा. अनेकांना तो पहिल्यांदाच कळतो.

काही जण मग फक्त पार्ट बी घेतात. ते चालतं, पण परिणाम समजून. पार्ट ए नसेल तर रुग्णालयात भरती झाल्याचा खर्च अंगावर येतो, आणि मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज (खासगी कंपनीकडून घ्यायचा पर्याय) किंवा मेडिगॅपही (उरलेल्या खर्चासाठीचा पूरक विमा) घेता येत नाही, कारण दोन्हींना ए आणि बी लागतात. औषधांचा पार्ट डी मात्र ए किंवा बी यांपैकी एकावरही मिळतो.

६५ उलटून आलेल्या पालकांची सात महिन्यांची मुदत पाच वर्षं पूर्ण होण्याच्या महिन्याभोवती मोजतात. ग्रीन कार्ड मिळालेली आणि प्रत्यक्ष राहायला आल्याची अशा दोन्ही तारखा लिहून घ्या. मध्ये लांबचे भारत-मुक्काम झाले असतील तर सलग वास्तव्याचा प्रश्न उपटतो. तो सोशल सिक्युरिटी कार्यालयाने ठरवायचा, तुम्ही नव्हे. पासपोर्टवरच्या ये-जा तारखांची यादी करून सोबत द्या. पाच वर्षं होईपर्यंत मार्केटप्लेसचा प्लॅन हा मार्ग असतो. वयाची अट नाही, पण कायदेशीर वास्तव्याचा दर्जा मिळाल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायला हवा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर नाही.

तिसरी पायरी: औषधांची यादी

इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. प्रत्येक औषधासाठी पाच गोष्टी लिहा: मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम, प्रकार, महिन्याला किती, आणि कोणत्या डॉक्टरने दिलं.

भारतातून पिशवी भरून आणलेली औषधं आधी वेगळी करा. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. ग्लायकोमेट-जीपीमध्ये मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे, म्हणजे यादीत दोन औषधं लिहायची. काही औषधं इथे मंजूरच नाहीत: व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, सिल्निडिपिन. ती मेडिकेअरच्या संकेतस्थळावर शोधून मिळणार नाहीत. त्यांच्या जागी काय घ्यायचं हे सांगणं तुमचं काम नाही. आधी इथल्या डॉक्टरची भेट आणि नवं प्रिस्क्रिप्शन, मगच प्लॅनची तुलना. पर्यायी औषध महागड्या गटातलं निघालं तर निकाल पूर्ण बदलतो.

इथल्या औषधांतही नेमकं चुकतं ते असं. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट ही दोन वेगळी औषधं आहेत. मेटफॉर्मिन ईआरचे (शरीरात सावकाश सुटणाऱ्या गोळीचे) अनेक प्रकार आहेत आणि त्यांतले काही साध्या ईआरच्या कितीतरी पट महाग पडतात. चुकीची ओळ निवडली की स्वस्त प्लॅन महाग दिसतो. गोळी की कॅप्सूल, इन्सुलिनचं पेन की बाटली, डोळ्यांच्या थेंबांची बाटली किती मिलिलिटरची आणि किती दिवस पुरते, हे बाटलीवरूनच भरा. तीन महिन्यांच्या ९० गोळ्या "महिन्याला ९०" म्हणून टाकल्या की खर्च तिप्पट दिसतो. प्रशिक्षणातल्या नव्या लोकांनी सर्वांत आधी हीच सवय तपासावी.

कुठलं औषध पार्ट डीमध्ये आणि कुठलं बीमध्ये हेही बघा. दवाखान्यात शिरेतून देतात ती बहुतेक औषधं, नेब्युलायझरची औषधं, साखर तपासायच्या पट्ट्या, फ्लू आणि न्यूमोनियाची लस हे पार्ट बीचं. शिंगल्स (नागीण), आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) आणि धनुर्वाताची नेहमीची लस पार्ट डीची, आणि डीखाली प्रौढांसाठी शिफारस केलेल्या लसींना कोपे (औषध घेताना आपण भरायचा हिस्सा) नाही. पार्ट डीमध्ये समाविष्ट असलेल्या इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त लागत नाहीत.

"मी एकही गोळी घेत नाही, मला डी कशाला?" असं म्हणणारे असतात. दुसरीकडून मेडिकेअरच्या तोडीचा औषधविमा नसताना सलग ६३ दिवस किंवा जास्त गेले, की प्रत्येक पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय मूळ प्रीमियमच्या १ टक्का दंड. तो मूळ प्रीमियम ३८.९९ डॉलर आहे. २६ महिने उशीर म्हणजे २६ टक्के, सुमारे १०.१० डॉलर दर महिन्याला, पार्ट डी असेपर्यंत. अशा माणसाला भागातला सर्वांत कमी प्रीमियमचा डी प्लॅन दाखवा. मालकाचा विमा असेल तर तो तोडीचा आहे असं सांगणारं पत्र दर वर्षी येतं. ते जपून ठेवायला सांगा.

चौथी पायरी: मूळ मेडिकेअर की अ‍ॅडव्हान्टेज

मूळ मेडिकेअरमध्ये ए आणि बी सरकारकडून, डी वेगळा विकत, आणि उरलेल्या खर्चासाठी हवा तर मेडिगॅप. पार्ट बीचं वार्षिक डिडक्टिबल (विम्याने पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम) २८३ डॉलर, त्यानंतर साधारण २० टक्के आपल्याकडे, आणि त्या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही. अ‍ॅडव्हान्टेजमध्ये हे सगळं एका खासगी कंपनीकडून. प्रीमियम बऱ्याचदा शून्य, दात आणि चष्म्याची सोय, पण डॉक्टरांचं नेटवर्क आणि उपचारांना पूर्वमंजुरी. नेटवर्कमधल्या खर्चाची वार्षिक मर्यादा २०२६ मध्ये कोणत्याही प्लॅनला ९,२५० डॉलरच्या वर नेता येत नाही.

कुटुंब कसं राहतं हे विचारल्याशिवाय यावर बोलू नका. सहा महिने न्यू जर्सीतल्या मुलाकडे आणि सहा महिने टेक्सासमधल्या मुलीकडे राहणाऱ्या आजींना एचएमओ प्लॅन (सहसा नेटवर्कमधल्याच डॉक्टरांकडे चालणारा) म्हणजे अर्धं वर्ष जवळजवळ फक्त तातडीच्या उपचारांचा विमा. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ भागाबाहेर राहिलं, मग ते भारतात का असेना, तर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन सहसा काढून टाकतो. मूळ मेडिकेअर घेणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे अमेरिकाभर चालते. भारतातले उपचार आणि तिथे घेतलेली औषधं मेडिकेअर देत नाही. मेडिगॅपच्या जी आणि एनसारख्या प्रकारांत परदेशातली तातडी असते: २५० डॉलर आपण, मग ८० टक्के ते, फक्त प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, आणि आयुष्यभरात एकूण ५०,००० डॉलर.

मेडिगॅपची वेळ एकदाच येते असं समजून सांगा. ६५ पूर्ण आणि पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कंपनीला आजारपण विचारून नकार देता येत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत देता येतो; न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट हे ठळक अपवाद. "आत्ता अ‍ॅडव्हान्टेज घेऊ, आजार आला की मेडिगॅप घेऊ" हा विचार इथेच कोसळतो. निर्णय त्यांचा, पण ही गोष्ट न सांगता कुणाला उठू देऊ नका.

आणखी एक सापळा: एचएमओ किंवा पीपीओ (नेटवर्कबाहेर जास्त पैसे देऊन जाता येतं तो) प्रकारच्या अ‍ॅडव्हान्टेजमध्ये असलेल्या माणसाने स्वतंत्र पार्ट डी प्लॅन घेतला, तर त्याचा अ‍ॅडव्हान्टेज आपोआप रद्द होतो. त्याला ते कळतं डॉक्टरकडे कार्ड चाललं नाही तेव्हा.

पाचवी पायरी: तुलना

मेडिकेअरच्या संकेतस्थळावरच्या प्लॅन फाइंडरमध्ये झिप कोड, औषधं आणि घराजवळच्या पाचपर्यंत फार्मसी टाका. यादी लावताना प्रीमियमवर नव्हे, प्रीमियम अधिक औषधं या वर्षभराच्या एकूण खर्चावर लावा. ऑक्टोबरपासून पुढे बसलात तर पानावर वर दिसणारं वर्ष तपासा. चालू वर्षाचे निकाल पुढच्या वर्षासाठी छापून देणं ही फार सहज होणारी चूक आहे.

पार्ट डीचं गणित असं: डिडक्टिबल जास्तीत जास्त ६१५ डॉलर, मग प्लॅनच्या कोपेनुसार, आणि खिशातले २,१०० डॉलर झाले की फॉर्म्युलरीतल्या (प्लॅनच्या मान्य औषध-यादीतल्या) औषधांना उरलेलं वर्ष काही नाही. प्रीमियम या मर्यादेत मोजत नाहीत, फॉर्म्युलरीबाहेरचं औषधही नाही. जानेवारीतच मोठं बिल येणाऱ्यांना रक्कम वर्षभर महिन्यांत विभागून देण्याची सोय प्रत्येक प्लॅनला द्यावी लागते, बिनव्याजी. त्याने खर्च कमी होत नाही, फक्त विभागला जातो. वर्षाच्या शेवटी घेतली तर फायदा जवळजवळ उरत नाही.

पहिल्या तीन प्लॅनवर प्रत्येक औषधापुढची खूण बघा: पूर्वमंजुरी, आधी दुसरं औषध वापरून बघण्याची अट, संख्येची मर्यादा. मग फार्मसी बदलून बघा. त्याच प्लॅनमध्ये 'प्रेफर्ड' (प्लॅनने पसंतीची ठरवलेल्या) दुकानात आणि शेजारच्या दुकानात खर्च बराच वेगळा निघतो. तीन प्लॅन छापून द्या, कागदावर तारीख घाला. "हाच घ्या" म्हणू नका. शिपच्या स्वयंसेवकाला ते करता येत नाही, आणि करूही नये.

दुकानात औषध नाकारलं तर

तुमची खरी गरज बहुधा जानेवारीत लागते. नव्या प्लॅनच्या पहिल्या ९० दिवसांत, आधीपासून चालू असलेलं औषध फॉर्म्युलरीत नसलं किंवा त्याला अट लागली तर प्लॅनने एक महिन्याचा तात्पुरता पुरवठा द्यायचा असतो. काउंटरवर 'ट्रान्झिशन फिल' हे शब्द वापरा. त्या महिन्यात डॉक्टरकडून कारणासहित पत्र घेऊन प्लॅनकडे अपवाद मागा. पत्र पोचल्यापासून ७२ तासांत उत्तर यायला हवं. उशिराने तब्येतीला धोका असेल तर २४ तासांत. नकार आला तर ६५ दिवसांत फेरविचाराचा अर्ज, त्यावर सात दिवसांत निर्णय. डॉक्टरच्या पत्रात "रुग्णाला हेच हवं आहे" एवढंच असेल तर नकार ठरलेला. आधी कोणती औषधं दिली, किती दिवस, आणि कशाने चालली नाहीत, हे नावानिशी हवं.

भारतात जाण्याआधी तीन महिन्यांची औषधं हवी असतील तर "लवकर भरता येत नाही" असं उत्तर येतं. प्लॅनला फोन करून 'व्हेकेशन ओव्हरराइड' मागायचा, निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी.

उत्पन्न कमी असेल तर

हा प्रश्न लाजेखातर टाळू नका; प्रत्येकाला विचारा म्हणजे कुणाला वेगळं वाटत नाही. उत्पन्न संघीय दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांच्या आत आणि बचत ठरलेल्या मर्यादेत असेल तर 'एक्स्ट्रा हेल्प' मिळते: पार्ट डीचा प्रीमियम आणि कोपे खूप उतरतात, उशिराचा दंडही लागत नाही. राहतं घर आणि गाडी बचतीत धरत नाहीत. अर्ज सोशल सिक्युरिटीकडे. पार्ट बीचा प्रीमियम राज्याने भरावा यासाठीचे मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅम राज्याच्या मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) कार्यालयात असतात, आणि ते मिळालं की एक्स्ट्रा हेल्प आपोआप मिळते.

उलट बाजूला, २०२४ च्या कर-विवरणात उत्पन्न एकट्याचं १,०९,००० किंवा एकत्र विवरण भरणाऱ्या दांपत्याचं २,१८,००० डॉलरच्या वर असेल तर २०२६ मध्ये बी आणि डी दोन्हींवर जादा रक्कम लागते. निवृत्तीमुळे उत्पन्न घटलं असेल तर ती कमी करून मागायचा फॉर्म एसएसए-४४.

उठण्याआधी

कार्डावरचा ११ अक्षर-अंकांचा क्रमांक फोनवर कुणालाही द्यायचा नाही, हे सांगा. मेडिकेअर आपणहून फोन करून क्रमांक मागत नाही, आणि प्लॅन विकणाऱ्यांना अनोळखी माणसाला न विचारता फोन करायची परवानगी नाही. शंका असेल तर फोन ठेवून स्वतः १-८००-६३३-४२२७ वर करायचा. तिथे दुभाष्या विनामूल्य मागता येतो.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: कशासाठी अर्ज केला, कोणत्या तारखेला, पुष्टी क्रमांक, विमा कधी सुरू होणार. पुढच्या वर्षीचे बदल सांगणारं प्लॅनचं पत्र ३० सप्टेंबरपर्यंत येतं. ते न फाडता, औषधांच्या बाटल्यांसह ऑक्टोबरच्या मध्यात परत यायची वेळ त्याच कागदावर घाला, कारण बदलाची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिपमध्ये वेळ मिळणं अवघड होतं.